काकांचं वाळवण

काका पक्के शाकाहारी होते. केकमध्ये अंडं नाही याची खात्री झाल्यावरही ते केक कापणाऱ्या सुरीची चौकशी करत. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूण बंद असे. आणि अशा माणसाच्या परदेशातल्या, टूनगॅबी उपनगरातल्या घरामागे, तुळशीच्या कुंडीपासून थेट मागच्या कुंपणापर्यंत, कालवांचे रिकामे शिंपले उन्हात पसरलेले असत.

मी भाड्याची खोली बघायला पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा ते त्या शिंपल्यांच्या मधोमध दाताळं घेऊन उभे होते. डोक्यावर माकडटोपी, खाली हाफ पँट, पायात रबरी चपला. मला वाटलं, घर चुकलं. त्यांनी एक शिंपला उचलला आणि माझ्या नाकाशी धरला.

"वास घ्या."

"कशाचा?"

"तेच तर तुम्ही सांगायचंय."

मी वास घेतला. म्हटलं, "समुद्राचा. आणि थोडा लिंबाचा."

"लिंबू!" ते घरात तोंड करून ओरडले. "अगं ऐकलंस? क्लबातला तो शेफ सुधारत नाही. या मुलीला खोली दे."

भाडं, पाणी, वीज वगैरे काकूंनी नंतर सांगितलं. काकांच्या दृष्टीने मुलाखत संपली होती. मी ब्लॅकटाउनच्या वाचनालयात काम करते हे कळल्यावर त्यांनी मला 'ग्रंथपालबाई' म्हणायला सुरुवात केली. मी ग्रंथपाल नाही, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावते, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "मीही तेच करतो," ते म्हणाले, आणि पुन्हा दाताळं फिरवू लागले.

काका सिव्हिल इंजिनिअर. पुण्याहून इथे आले आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नदीकाठच्या काँक्रीटच्या भिंती बांधण्यात घालवली. भिंतींचा त्यांना अभिमान होता. बायकोला फिरायला नेत तेही भिंत दाखवायला. रिटायर झाल्यावर एकदा ओहोटीच्या वेळी ते पॅरामॅटा नदीच्या खालच्या, खाऱ्या भागात गेले. तिथे जुन्या ओबडधोबड दगडांवर कालवं होती, शेवाळ होतं, खेकडे पळत होते. त्याला लागून काकांची भिंत. तिच्यावर काहीच नव्हतं. एवढी गुळगुळीत की गोगलगायही घसरावी.

"मी नदीला टक्कल पाडलं हो, ग्रंथपालबाई," असं ते मला सांगत, आणि सांगताना माकडटोपी खाली ओढत, कारण तो विषय त्यांच्याही जवळचा होता.

मग ते किनारा पुन्हा जिवंत करणाऱ्या एका संस्थेत जाऊन थडकले. तिथे मेगन नावाची जीवशास्त्रज्ञ होती. तिने समजावलं ते काकांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मला आता झोपेतही सांगता येईल. कालवाचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात पोहतं आणि बसायला टणक जागा शोधतं. त्याला सगळ्यात आवडतो तो दुसऱ्या कालवाचा जुना शिंपला. एक बसलं की त्यावर दुसरं बसतं, त्यांच्या फटींत कोळंबी आणि खेकडे येतात, त्यांच्यामागे लहान मासे, मग मोठे. शिवाय कालवं पाणी गाळत राहतात. पूर्वी या नदीत कालवांचे थरच्या थर होते. माणसांनी ते खरवडून खाल्ले, उरलेले जाळून घरांसाठी चुना केला, आणि खाली नुसता चिखल राहिला. चिखलात पिल्लू बसत नाही, बुडतं. तेव्हा शिंपले परत नेऊन ठेवायचे. पण हॉटेलांतून आणलेले शिंपले तसेच पाण्यात टाकता येत नाहीत. कुजकं मांस, रोग, काही नदीत जायला नको. ते महिनोन् महिने उन्हात वाळवायचे, वरचेवर उलटायचे. संस्थेचं आवार भरून गेलं होतं.

"वाळवण ना?" काका मेगनला म्हणाले होते. "आमच्याकडे पाठवून दे."

तिला तो शब्द तेव्हा माहीत नव्हता. आता ती तो बऱ्यापैकी बिनचूक म्हणते.

वाळवणाचे सगळे नियम काकांनी शिंपल्यांना लावले. खाली जुनी चादर. पक्ष्यांना हाकलायला काठी. इथे कावळ्यांपेक्षा तो लांब चोचीचा पांढरा पक्षी जास्त, ज्याला सगळे बिन चिकन म्हणतात. काका त्याच्याशी मराठीत भांडत. रोज आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, त्यांची हाक यायची, "फिरवा!" की घरात असेल त्याने बाहेर येऊन शिंपले उलटायचे. यातून सुटका नव्हती. एकदा मराठी मंडळातला एक मुलगा पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्याचे पेढे घेऊन आला. त्याच्या हातातून पेढ्यांचा बॉक्स काढून काकांनी दाताळं दिलं. पेढा त्याला मिळाला, पण अर्धं परस उलटून झाल्यावर.

वासाला ते मार्क देत. ताजा माल नापास. महिन्याभराने पास क्लास, मग सेकंड, मग फर्स्ट. वास पूर्ण गेला की डिस्टिंक्शन, आणि डिस्टिंक्शनवाले शिंपलेच काथ्याच्या घट्ट विणीच्या पिशवीत भरून, तोंड शिवून, गॅरेजमध्ये जायचे. शिंपल्यांना ते 'मंडळी' म्हणत. "मंडळी आज जरा दमट वाटतायत," असं ते जेवताना म्हणाले की काकू माझ्याकडे बघत.

"रिटायर झाल्यावर इतरांचे नवरे क्रिकेट बघतात," त्या म्हणायच्या. "माझ्या नशिबी मेलेल्यांचं पाळणाघर आलं."

शेजारी स्टीव्ह होता, ट्रकवाला, मनाने चांगला, नाकाने तीक्ष्ण. तो कुंपणावरून म्हणायचा, "मेट, तुझ्याकडे काहीतरी मेलंय."

"सगळंच मेलंय, मेट," काका अभिमानाने सांगायचे. "नो वरीज!"

पण एका आठवड्यात वास खरोखरच असह्य झाला आणि स्टीव्हने काउन्सिलकडे तक्रार केली. एक तरुण बाई तपासणीला आल्या. शिंपले हलवायला लागले असते तर महिन्यांची मेहनत वाया. काका स्वच्छ शर्ट घालून, पण माकडटोपी न काढता, त्यांना परसात घेऊन गेले आणि माझ्यासारखाच त्यांच्याही नाकाशी शिंपला धरला. बाईंनी हुंगला. दुसरा हुंगला. म्हणाल्या, याला काहीच वास नाही.

"डिस्टिंक्शन," काका म्हणाले.

"पण वास तर येतोय," बाई म्हणाल्या, आणि नाकाच्या मागोमाग चालू लागल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग. वास आम्हाला लाँड्रीपर्यंत घेऊन गेला. तिथे फडक्याने झाकलेली मोठी बादली होती. काकूंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते, आणि तो तिसरा दिवस होता. ज्यांनी तिसऱ्या दिवशीचे गहू हुंगलेत त्यांना मी सांगायला नको.

काका क्षणभरही थांबले नाहीत. "हे माझं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "हे माझ्या पत्नीचं. ते खातं वेगळं आहे."

मागून काकूंचा आवाज आला. "अहो, तुम्हाला कुरडया नकोत का या वर्षी?"

"हव्यात. पण मंडळींवर आळ नको."

"मंडळींवर नको, बायकोवर चालेल!"

बाईंना काहीच कळेना. काकूंनी मग डब्यातल्या गेल्या वर्षीच्या कुरडया तळल्या. बाईंनी आधी एक तुकडा खाल्ला, मग उभ्याउभ्याच अख्खी कुरडई, आणि बादलीवर झाकण ठेवा एवढं सांगून गेल्या. एक ताट स्टीव्हकडे गेलं. त्यानंतर त्याने तक्रार केली नाही. कुंपणावरून विचारायचा, "ती कुरकुरीत जाळी आहे का आज?"

त्या वर्षीच्या कुरडया काकूंनी खूप केल्या, कारण पाडव्याला मंडळाच्या मेळ्यात त्यांचा स्टॉल होता. सोऱ्या मी दाबला. कुरडया वाळल्यावर त्या ठेवायला काकू आपले उंच स्टीलचे डबे शोधू लागल्या. डबे नव्हते. ते काका हॉटेलांच्या मागच्या दाराशी नेत होते. झाकण घट्ट बसतं, गाडीत वास येत नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे काय संभाषण झालं ते मी खोलीचं दार लावून घेतल्यामुळे पूर्ण ऐकलं नाही. शेवटी काकूंनी काकांचीच काथ्याची एक पिशवी उचलली, कुरडया तिच्यात रचल्या, तोंड शिवलं आणि पिशवी गॅरेजमध्ये ठेवली. हवेशीर राहतील म्हणून.

पिशव्या नदीत ठेवायचा दिवस आला. जागा काकांच्या भिंतीसमोरचीच होती, त्यांनी हट्टाने मागून घेतलेली. मेगनला ती फारशी पसंत नव्हती. तिने स्पष्ट सांगितलं होतं की हा प्रयोग आहे. हिवाळा लागेपर्यंत या शिंपल्यांवर कालवाचं एकही पिल्लू बसलेलं दिसलं नाही, तर ही जागा सोडायची आणि पिशव्या उचलून दुसरीकडे न्यायच्या. काका "फेअर इनफ" म्हणाले होते, आणि मग घरी येऊन जेवले नव्हते.

ओहोटीला चिखलात ओळीने पिशव्या लावायच्या होत्या. मी काठावरून हातात देत होते. काका प्रत्येक पिशवी तोलून बघत. एक हातात आली आणि ते थबकले.

"ग्रंथपालबाई, ही उचलून बघा."

मी उचलली. कापसासारखी हलकी.

"याला म्हणतात वाळणं! थेंबभर पाणी राहिलेलं नाही. मंडळी नुसती..." त्यांनी ती पिशवी ओळीच्या बरोबर मध्यभागी ठेवली आणि दोनदा थोपटली.

भरती सुरू झाली. पाणी पिशव्यांवरून गेलं, आणि थोड्याच वेळात मधल्या पिशवीभोवती पाणी उकळल्यासारखं झालं. मासे. ब्रीम, मलेट, आणखी कुठले कुठले, एकमेकांवर चढत, शेपट्या आपटत. मेगन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फोनवर व्हिडिओ घेत होती आणि "नो वे, नो वे" म्हणत होती. तिने असं कधीच पाहिलं नव्हतं. काकांनी माकडटोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. लग्नाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीच्या बापासारखे हात जोडून ते माशांना म्हणाले, "या. या. बसा."

पाडव्याचा मेळा ब्लॅकटाउनच्या एका हॉलमध्ये होता. तेल तापलं होतं, रांग लागली होती. मंडळातल्या मुलांनी गॅरेजमधून उचलून आणलेल्या पिशवीचे टाके काकूंनी उसवले, हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही. पण पलीकडच्या स्टॉलवर पियुष पीत असलेल्या काकांनी पेला खाली ठेवला.

रांगेतला पहिला माणूस म्हणाला, "काकू, दोन प्लेट."

काकूंनी चिमट्यात एक शिंपला धरून वर केला. "यांना विचारा, तळून देऊ का."

काका आले. पिशवीत बघितलं. मग सगळा हिशोब हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जुळत गेला.

"म्हणजे मासे..." ते म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

"ते कुरडया खायला आले होते."

"हो."

रांग ऐकत होती.

"मग चांगल्या झाल्या असणार," काका म्हणाले.

काकूंना त्यांना बरंच काही बोलायचं होतं, मला दिसत होतं. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवशी स्टॉलवर नुसती भजी विकली गेली.

संध्याकाळी काकांनी मेगनला फोन केला. "शास्त्रीय नोंदीत एक दुरुस्ती आहे," अशी सुरुवात केली. ती एवढा वेळ हसत होती की त्यांनी फोन टेबलावर ठेवून चहा घेतला. मग ती म्हणाली की ती पिशवी रिकामी होऊन बसली आहे, त्यामुळे ओळीत एक पोकळी झाली आहे, आणि तिच्यात लहान मासे राहायला आलेत. तिला हात लावू नका, यापुढे आपण मुद्दामच अशी जागा सोडत जाऊ.

काकांनी हे ऐकलं, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. इतके आठवडे त्यांनी त्या माशांवर भरवसा ठेवला होता. जागा नदीने मान्य केली, असं ते सगळ्यांना सांगत होते. आता ती साक्ष काकूंच्या खात्यात गेली.

"आता एकच पुरावा," ते मला म्हणाले. "एक तरी जिवंत कालव बसलेलं दिसायला हवं."

मग पाऊस लागला. नदी चहाच्या रंगाची झाली आणि मेगनची पाहणी पुढे गेली. ती पुन्हा पुढे गेली. त्याच सुमारास काकांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी कामावरून तिथे जायची. ते प्रत्येक जेवणाचा ट्रे हुंगून मार्क देत. सूप बहुतेक वेळा नापास. आणि मग दाराकडे बघत विचारत, "मेगनचा फोन?"

"अजून नाही, काका."

"उद्या येईल," ते मलाच धीर द्यायचे.

फोन यायच्या आधी ते गेले. हे वाक्य मी कितीतरी दिवस लिहायचं टाळत होते, म्हणून वर कुरडयांबद्दल इतकं लिहिलं.

दहाव्याचा विधी नदीवर करायचा हे काकूंनी ठरवलं, त्याच भिंतीपाशी. त्यांचा मुलगा दूरच्या, कोरड्या मुलखातल्या कालगुर्लीहून आला होता. तो खाणीत इंजिनिअर आहे आणि पाण्याशेजारी उभं राहायची त्याला सवय नाही. गुरुजी ब्लॅकटाउनचे, एरवी एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात. मेगनही आली, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून, आणि आदराने लांब उभी राहिली. ओहोटी होती. भिंतीच्या पायथ्याच्या सपाट दगडावर, केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो.

खारफुटीच्या एका फांदीवर कावळा बसला होता. इथला कावळा ओरडत नाही, तक्रार केल्यासारखा रडतो. त्याने पिंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," गुरुजी म्हणाले. "सांगा काहीतरी."

मुलगा पुढे झाला. "बाबा, काळजी करू नका. आईला मी कालगुर्लीला घेऊन जाईन."

कावळा उडाला आणि दोन झाडं पलीकडे जाऊन बसला.

"कशाला घाबरवतोस त्यांना," काकू म्हणाल्या आणि स्वतः हात जोडले. "अहो, डबे घ्या. सगळे घ्या. मी काही बोलणार नाही."

कावळ्याने पंख साफ केले.

"शिंपले रोज फिरवते आहे. स्टीव्हसुद्धा येतो फिरवायला."

काही नाही. गुरुजींनी हळूच घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिवूया का? शास्त्रात सोय आहे. इथलं पार्किंग दोनच तासांचं आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू सांग. तुला ठाऊक आहे त्यांना काय हवं होतं."

ठाऊक होतं. पण खोटं कसं सांगणार? त्यांनी वास घेऊन ओळखलं असतं. मी मेगनकडे वळले आणि विचारलं, "आत्ता बघता येईल?"

तिने पाण्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि चिखलात उतरली. पिशव्यांची ओळ उघडी पडली होती, मधोमध ती बसकी जागा, तिच्यात थोडं पाणी साठलेलं. मेगन वाकली. एका पिशवीपाशी, मग दुसऱ्या. फार वेळ लावला. पोकळीच्या काठाशी ती गुडघ्यांवर बसली आणि तिने हात वर करून मला बोलावलं.

मी चपला काढल्या. त्या चिखलात मी तोवर कधी पाय घातला नव्हता. पोटऱ्यांपर्यंत रुतत, तोल सावरत तिच्यापर्यंत गेले. पाण्याने सैल झालेल्या विणीतून बाहेर डोकावणाऱ्या एका शिंपल्याच्या आतल्या बाजूला, नखाएवढं, कागदासारख्या पातळ कडेचं काहीतरी चिकटलं होतं. मेगनने त्याला बोट लावलं. ते घट्ट मिटलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "आणि हे एकटं नाही. इथे बघ. आणि इथे."

वाचनालयात मला सगळे माझ्या हळू आवाजासाठी ओळखतात. मी त्या चिखलात उभी राहून सगळ्या जोराने ओरडले, "काका! बसलं!"

कावळा दचकला आणि नदीपलीकडे निघून गेला. पुन्हा आला नाही.

मी परत काठावर आले. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. गुरुजी दर्भ हातात घेऊन विचारात पडले होते. तेवढ्यात भरतीचं पाणी दगडाशी आलं. त्याने पानाची कड उचलली, मग पान तरंगू लागलं, जरासं हेलकावलं, आणि पिंड पाण्यात गेला.

पोकळीच्या दिशेने आधी एक लहान ब्रीम आला. मग चार-पाच. मग पाणी उकळल्यासारखं झालं, अगदी त्या दिवशीसारखं.

"कावळा तर शिवला नाही," गुरुजी पुटपुटले. त्यांनी माशांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "पण... चालेल. चालायला हवं." आणि ते पिशवीतला तांब्या आवरू लागले, कारण पार्किंग संपत आलं होतं.

मी काकूंना म्हटलं, निघूया का. त्या भिंतीवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, पाण्याकडे बघत.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "त्यांची मंडळी आलीत. जेवू दे सावकाश."